कोर्टाची पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या मुलखात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. बांधावरून भांडण झाले, भावाभावांत वाटणी अडली, देणेकऱ्याने तगादा लावला, की गावातला कोणी तरी पोक्त माणूस ही म्हण काढतो आणि ऐकणारे माना डोलावतात. म्हण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. कोर्टात पैसा जातो, वर्षे जातात, आणि जिंकला तो हरला व हरला तो मेला, हा अनुभव पुष्कळांना आहे. परंतु इतिहासाची पाने उलटली तर या म्हणीची दुसरी बाजू दिसते. या भागातल्या गरिबांच्या जमिनी ज्या कागदांनी गेल्या, ते कागद कोर्टात गेले होते. जमिनीचा मालक मात्र गेला नव्हता. समोरचा पायरी चढला आणि हा शहाणा खालीच उभा राहिला. म्हणीने त्याला शहाणपण शिकवले, पण जमीन राखून दिली नाही.

आजच्या व्याख्यानात आम्ही एवढीच एक गोष्ट सांगणार आहोत. आम्ही वकील नाही आणि पदवीधरही नाही. हमालांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या संघटनेचे काम करताना माणसांपेक्षा त्यांचे कागदच अधिक वाचावे लागले. ते वाचता वाचता जुने कागद वाचण्याची गोडी लागली. जे कळले ते असे कळले आहे, आणि त्याच बेताने ते ऐकावे अशी विनंती आहे.

दोन राज्यांच्या शिवेवर

प्रथम शब्द पाहू. 'दिवाणी' हा शब्द दिवाणावरून आला. मोगली अमलात सुभ्याचा दिवाण वसुली पाहत असे. म्हणून पैशाअडक्याचे व जमिनीचे तंटे दिवाणाकडचे, आणि मारामारी, चोरी, खून हे फौजदाराकडचे. हीच वाटणी आजच्या कोर्टाच्या पाट्यांवर टिकून राहिली आहे. निजामाच्या राज्यात या शब्दाला आणखी एक अर्थ होता. सरकारच्या अमलातला मुलूख तो दिवाणी, आणि खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेला तो सर्फेखास. जहागिरी आणि पायगा यांचा कारभार निराळा. त्यांतल्या मोठ्यांची न्यायालयेही निराळी. एकाच राज्यातल्या दोन शेजारी गावांच्या फिर्यादी दोन वेगळ्या दारी जाव्यात, असा तो काळ होता.

आपले ईट तर राज्यांच्याच शिवेवर. भूम तालुका धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला आहे. पलीकडे खर्डा आणि जामखेड, खाली बार्शी. खर्ड्याच्या माळावर ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम लढले, ते सर्वांना ठाऊक आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि त्यानंतर खर्डा, जामखेड, बार्शी हा मुलूख मुंबई इलाख्यात राहिला. ईट, भूम, परंडा हा निजामाकडे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे असेच चालले. एका बाजूच्या कुणब्याला नगर-सोलापूर जिल्ह्यांतली इंग्रजी कोर्टे, दुसऱ्या बाजूच्या कुणब्याला निजामाचा मुन्सफ. सोयरिकी मात्र दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे आणि सावकारही दोन्हीकडे. म्हणून दिवाणी न्यायाचा इतिहास पाहायला ही जागा फार सोयीची आहे.

गोतसभा आणि महजर

या दोन्ही कोर्टांच्या आधी गोतसभा होती. गावचा पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार हे एकत्र बसत. वतनाचा मोठा तंटा असला तर परगण्याचे देशमुख-देशपांडे येत. तिची रीत अगदी बांधलेली होती. आधी दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज आपण राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद समजतो. त्या काळी त्याचा अर्थ, ही सभा जो निवाडा देईल तो आम्हांस राजीखुशीने मान्य आहे, असा होता. त्याबरोबर जामीन द्यावा लागे. मग प्रत्येकाने आपली हकीकत लिहून द्यायची. तिला तक्रीर किंवा करीना म्हणत. साक्षीदाराला देवळात किंवा नदीच्या पाण्यात उभे करून शपथ घालीत. गावच्या सभेवर भरवसा नसला तर दुसऱ्या ठिकाणची सभा, म्हणजे 'थळ', मागता येई. निकाल झाल्यावर हरलेल्याने 'यजितखत' लिहून द्यायचे, की आपण हरलो, पुन्हा वाद सांगणार नाही. जिंकलेला सरकारात 'हरकी' भरी, आणि हरलेला 'गुन्हेगारी'.

या सर्वांतला मुख्य कागद म्हणजे महजर. त्याच्या आरंभीच 'हाजिर मजालस' म्हणून बसलेल्या माणसांची यादी असे, आणि शिक्क्याच्या जागी पाटलाचा नांगर व बलुतेदारांची आपापली हत्यारे काढलेली असत. महजर हा शब्दच 'हजर' या शब्दाच्या कुळातला आहे. म्हणजे त्या न्यायाचे बळ हजेरीत होते. ज्यांनी शेत पाहिले, बांध पाहिला, बाप आणि आजा पाहिला, ती माणसे समोर बसलेली असत. खोटे बोलणाऱ्याला त्यांच्याच डोळ्यांदेखत खोटे बोलावे लागे, आणि उद्या त्यांच्याच पाणवठ्यावर जावे लागे.

परंतु या सभेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिची दुसरी बाजूही सांगावी. ती वतनदारांची सभा होती. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष फार वजनाची मानीत, कारण गावाची शीव त्याच्या पायाखालची. पण साक्ष घेऊन झाली की त्याने दूरच उभे राहायचे. बाईचे म्हणणे बहुधा दुसऱ्याच्या तोंडून यायचे. पुराव्याने उलगडा न झाला तर 'दिव्य' करवीत. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा आणि हात भाजला की दावा खोटा. ज्याला गोत नाही त्याला न्याय नाही, असा तो कारभार होता. हजेरी होती, पण सर्वांची नव्हती.

तीन वर्षांची मुदत

इंग्रज आले तेव्हा मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पंचायती मोडू नयेत असेच १८१९ च्या अहवालात लिहिले. पण १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले, पगारी न्यायाधीश बसले, आणि ज्याच्या हुकमाची अंमलबजावणी सरकार करते त्याच्याच दारात लोक जाणार, हे ओघानेच आले. पंचायत निवाडा देई. जप्ती मात्र कोर्ट करी. हळूहळू पंचायतीला कोणी विचारीना.

खरी उलथापालथ १८५९ च्या दोन कायद्यांनी झाली. एकाने दिवाणी कामाची रीत ठरली. दुसऱ्याने मुदत ठरली: साध्या कर्जरोख्याचा दावा तीन वर्षांत लावला पाहिजे. हेतू चांगला होता. जुनीपुरानी कर्जे उकरून काढून सावकाराने कुणब्याला छळू नये, म्हणून ही मुदत. घडले ते उलटे. मुदत संपत आली की सावकार कुणब्याला बोलावी आणि सांगे, रोखा नवा कर, नाही तर दावा लावतो. नव्या रोख्यात जुने मुद्दल आणि तीन वर्षांचे व्याज मिळून नवे मुद्दल होई.

याचा हिशेब आम्ही उदाहरणादाखल करून दाखवतो. १०० रुपये, दरमहा दरशेकडा २ रुपये व्याज. तीन वर्षांनी व्याज ७२, म्हणून नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो २९५ रुपये आणि काही आण्यांचा. आणखी तीन वर्षांनी ५०८ च्या वर. घरात आले शंभर. नऊ वर्षांत दुसरा एक पैसाही न घेता देणे पाचपट झाले. प्रत्येक रोख्यावर कुणब्याचा अंगठा आहे आणि खाली साक्षीदारही आहेत. न्यायाधीशासमोर हा शेवटचा रोखा येतो. त्यात पाचशे रुपये रोख पावले असे लिहिले आहे. न्यायाधीश लबाड नसला तरी तो काय करणार? कायद्याने त्याला रोखा वाचायला सांगितले होते. रोख्याच्या मागे जायला सांगितले नव्हते.

आणि कुणबी? तो कोर्टात नसेच. समन्स कधी त्याला पोहोचे, कधी त्याच्या गैरहजेरीत दारावर चिकटवले जाई, कधी 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत जाई. पोहोचले तरी वाचायला येत नसे. तालुक्याला जायचे तर दोन दिवसांचे काम बुडणार, वकिलाला पैसे लागणार. याहून मोठे कारण त्याच्या मनात होते. कर्ज घेतले हे तर खरे; मग जाऊन सांगायचे काय? ज्याला आपल्या ऋणाची लाज होती तो घरी बसला आणि ज्याला व्याजाची लाज नव्हती तो कोर्टात गेला. एकतर्फी हुकूमनामे झाले. पुढे दरखास्त, मग जप्ती, मग लिलाव. देणे फिटले नाही तर दिवाणी कैदेची धास्ती वेगळीच.

१८७५ चा उठाव

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली होती तेव्हा इकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. लढाई संपली, भाव कोसळला. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात जमिनीचा सारा वाढला. सारा रोख भरायचा, पीक स्वस्त, आणि सावकार आता हात आखडून बसलेला. अशा वेळी १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा बजावला. देशमुखांनी भाडे देऊन राहण्याची तयारी दाखवली. सावकाराने ते न ऐकता घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कोणी कसेना, त्यांचे पाणी कोणी भरीना.

पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारच्या दिवशी आग भडकली. ती नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरली, म्हणजे आपल्या शिवेपासून फार दूर नाही. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की लोकांना सावकाराचे धान्य नको होते, दागिने नको होते. त्यांना कागद हवे होते. रोखे आणि हुकूमनामे मागितले गेले आणि जाळले गेले. ज्या सावकाराने ते मुकाट्याने दिले त्याच्या अंगाला बहुधा कोणी हात लावला नाही. जो माणूस कोर्टात एक शब्द बोलला नव्हता, त्याने दिलेली ही कैफियत होती. ९५१ लोकांना पकडले. कागद जळले, पण कर्ज जळले नाही आणि कोर्टाची रीतही जळली नाही.

तरी सरकारला चौकशी करणे भाग पडले. कमिशन बसले, आणि त्याच्यापुढे कर्जाच्या दाव्यांतले बहुसंख्य निकाल एकतर्फी होत असल्याचे उघड झाले. इकडे पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, लवाद कोर्टांचा पुरस्कार करीत होते. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कोर्ट-कचेऱ्यांत कुणब्याची काय दशा होते त्याचे वाभाडे काढले.

रोख्याच्या मागे पाहणारा कायदा

कमिशनचे फळ म्हणजे १८७९ चा दक्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे जिल्हे त्यात आले. त्यातले कलम न् कलम वाचले तर असे दिसते, की कायदे करणाऱ्यांना आजार बरोबर कळला होता. न्यायाधीशाने रोख्यावर विसंबू नये. पहिल्या देवघेवीपासून हिशेब काढावा, आणि व्याजाने मुद्दलाच्या पलीकडे उडी मारू देऊ नये. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर, त्याला वाचून दाखवून लिहावा. प्रतिवादीला कोर्टात आणवून त्याचे म्हणणे विचारावे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये. दावा लावण्याआधी तडजोड करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची १८८१ साली याच कायद्याखालच्या कामावर नेमणूक झाली आणि गावोगाव फिरून त्यांनी कनिष्ठ कोर्टांचे काम तपासले. न्यायाधीशाने कुणब्याकडे जावे, ही कल्पनाच नवी होती.

हा कायदा सर्वस्वी यशस्वी झाला असे नाही. सावकारांनी वाट बदलली. गहाणाऐवजी खरेदीखत करून घेऊ लागले. तोंडी बोली अशी, की पैसे दिलेस तर जमीन परत. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन, खरेदीखत दिसले तरी ते मुळात गहाण होते हे सिद्ध करण्याची मुभा मिळाली. कायदा एक दार लावी आणि सावकार दुसरे उघडी. तरीही एक तत्त्व त्या कायद्याने कायमचे घालून दिले: ज्याला वाचता येत नाही त्याच्या सहीचा अर्थ, वाचता येणाऱ्याच्या सहीइतका धरू नये.

शिवेच्या अलीकडे

हा कायदा खर्ड्याला होता, ईटला नव्हता. इकडे सालारजंगांनी १८५३ नंतर दिवाण म्हणून कारभार सुधारला, १८६५ च्या जिल्हाबंदीने जिल्हे-तालुके बसवले, न्यायखाते उभे केले. न्यायखाते महसुलापासून वेगळे करण्याचे फर्मान १९२१ साली निघाले. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी ही मागणी अजून सभांच्या ठरावांतच होती. निजामाच्या राज्याविषयी जे वाईट ते सांगावे, पण हे चांगले झाकून ठेवू नये.

अडचण निराळीच होती. कोर्टाची भाषा आधी फारसी होती आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत उर्दू झाली. गावात कुलकर्णी मोडीत लिही. रयत मराठीत बोले. मुन्सफ उर्दूत निकाल लिही. सन फसली. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे तेव्हा इसवी सन निघतो. शिवेपलीकडच्या कुणब्याला निदान वाचून दाखवलेला मजकूर कळत तरी होता. अलीकडच्याला हजर राहूनही गैरहजर असल्यासारखे होते. आपल्याविषयी काय लिहिले गेले ते त्याला दुसऱ्याने सांगेल तेवढेच कळे. ही भिंत अजूनही पुरती पडलेली नाही. सरकारने २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत निजामकाळच्या नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधत हिंडावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले.

कुळाचा राजीनामा

हैदराबाद राज्यात १९४५ साली असामी शिकमी कायदा झाला आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला प्रथम काही हक्क मिळाले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १९४९ साली सर्फेखास सरकारात विलीन झाले आणि जहागिरीही संपल्या. १९५० च्या कुळकायद्याने 'संरक्षित कूळ' हा शब्द आणला आणि पुढे त्याला मालकी देण्याची तरतूद केली. कुळाचे प्रश्न तहसीलदाराने ठरवावे, दिवाणी कोर्टाने त्यात हात घालू नये, असेही ठरले. कारण उघड होते: दिवाणी कोर्टाच्या वाटेवर कूळ थकून जाते.

मग काय झाले? प्राध्यापक खुस्रो यांनी हैदराबाद राज्यातल्या या सुधारणांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. १९५१ च्या शंभर संरक्षित कुळांपैकी तीन-चार वर्षांनी पन्नासही त्या हक्काने जमिनीवर उरली नव्हती. थोड्यांनी जमीन विकत घेतली. पाचांतल्या एकाहून अधिक कुळांना बेकायदा हुसकावले होते. आणि त्याहून किंचित कमी कुळांनी आपण होऊन जमीन सोडली होती; म्हणजे तहसीलदारापुढे राजीनामा दिला होता.

पाहा, तोच शब्द पुन्हा आला. गोतसभेपुढचा राजीनामा म्हणजे न्याय मान्य असल्याचा कागद. कुळाचा राजीनामा म्हणजे न्याय नको असल्याचा कागद. मालकाच्या उपकाराखाली, भीतीने, किंवा पुढच्या वर्षी बटईने देतो या बोलीवर कुळांनी अंगठे दिले. बेकायदा हुसकावलेल्यांतल्या पुष्कळांनी तर तक्रारच केली नाही. कायदा त्यांच्या बाजूचा होता, कचेरी त्यांच्यासाठी उघडली होती, आणि ते पायरी चढले नाहीत. १९५४-५५ च्या खासरा पाहणीत ज्याचे नाव लागले त्याचे लागले. आज मराठवाड्यात जमिनीचा कोणताही जुना वाद निघाला की वकील प्रथम तो खासरा मागतात. त्या वेळी पाहणी चालू असताना जो बांधावर हजर नव्हता, त्याचे नातू आज कोर्टात हजर आहेत.

आजचे कागद

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे उच्च न्यायालयासाठी आपल्याला मुंबई गाठावी लागे; २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले, तेव्हा ते अंतर कमी झाले. १९९८ साली जिल्हा व तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरली. अंतराची आणि भाषेची अशी दोन्ही कारणे बरीच कमी झाली आहेत. तरी न वाचता सही करण्याची रीत गेलेली नाही. तीन कागद आम्ही नित्य पाहतो.

पहिला, हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला; २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निर्विवाद केले. कायदा एवढा स्पष्ट असताना बापाच्या तेराव्यानंतर बहिणीला गाडीत बसवून तालुक्याला नेतात आणि ती सही करून माहेरची साडी घेऊन परत जाते. एखादी बहीण समजून-उमजून सोडत असेल, तर तो तिचा अधिकार. आमचा प्रश्न एवढाच, की तिला तो कागद कोणी वाचून दाखवला?

दुसरा, उचलीचा कागद. दिवाळीच्या आधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो, आणि नवरा-बायकोच्या सह्या मुद्रांकावर, कधी कोऱ्या कागदावर घेतो. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या हंगामात ओढली जाते. १८५९ नंतरच्या रोख्याची आणि या कागदाची जात एकच. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्ज रद्द ठरवले आहे आणि त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही. पण वेठ होती हे सांगायला कोणी तरी तेथे उभे राहिले पाहिजे.

तिसरा, कामगाराचा राजीनामा. आमच्या संघटनेतल्या एका हमालाला त्याच्या आडत्याने, पगाराची पावती आहे असे सांगून, काम सोडल्याच्या मजकुरावर अंगठा द्यायला लावले. तो आमच्याकडे आला तो चार महिन्यांनी. इतके दिवस का थांबलास असे विचारले, तर म्हणाला, कशाला उगीच कोर्टकचेरी. म्हणीचे काम असे चालते.

मग करावे काय?

हे ऐकून कोणी उठून उगीच दावे लावू लागेल, तर तो आमचा हेतू नाही. बांधाच्या दोन हात जमिनीसाठी दोन पिढ्या घालवणारे आम्हीही पाहिले आहेत; त्यांना गावात बसून मिटवा असेच आम्ही सांगतो. तडजोडीसाठी लोकअदालत आहे. तेथे उभयतांच्या संमतीने निवाडा झाला की त्यावर अपील नाही आणि भरलेला कोर्ट स्टॅंपही परत मिळतो. जुन्या गोतसभेच्या राजीनाम्याचे हे नवे रूप आहे. मात्र संमती वाचून द्यावी.

पण दुसऱ्याने दावा लावला असेल, तर घरी बसणे हे शहाणपण नव्हे. समन्स घ्यावे; नाकारल्याने दावा थांबत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. एकतर्फी निकाल झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करता येतो. आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. वकिलाला पैसे नाहीत ही अडचण असेल, तर १९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ पासून लागू आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. सावकाराने बेकायदा सावकारीतून जमीन बळकावली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. ही दारे रानडे यांच्या काळी नव्हती. ती उघडावीत म्हणून सुप्याच्या बाजारात लोकांनी कैद पत्करली.

आमच्या संघटनेत आम्ही एक नियम केला आहे. कोणत्याही सभासदाने एकट्याने अंगठा द्यायचा नाही. कागद आला की तो दुसऱ्या एकाने मोठ्याने वाचायचा, निदान चौघांनी ऐकायचा, आणि मग सहीचे पाहायचे. जुन्या महजरातली चांगली तेवढी गोष्ट आम्ही उचलली, ती हजर मजालस. फक्त तिच्यात आता बाईलाही बसायला जागा आहे आणि कोणालाही दूर उभे राहावे लागत नाही. हा नियम प्रत्येक घराने करायला खर्च काहीच नाही. पुढच्या खेपेला कोणी कागद पुढे केला, तर सही कोठे करायची हे विचारण्याआधी, हा मोठ्याने वाचा, एवढे म्हणावे.